पाच ढोल्या आणि गप्प

चार वर्षांपूर्वी हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात शाळेच्या पटांगणावर डोळे तपासणीचं शिबीर भरलं होतं. टेबलामागे बसलेल्या तरुणाने मारोतीमामांना वय विचारलं. मामांनी डाव्या हाताचा अंगठा बोटांवरून सरसर फिरवला, "पाच ढोल्या अन्" एवढंच म्हणाले आणि तोंड मिटून उभे राहिले.

तरुण पेन टेकवून वाट बघत राहिला. रांग पुढे सरकेना.

"अन् किती, काका?"

"सांगितलं की."

"पाच कायतरी म्हणले तुमी. मंग गप झाले."

"व्हय. ते गप झालो ना, त्येच्यासकट वय हाय."

रांगेत त्यांच्यामागे मी तिसरी. मशीनवर दोन ब्लाउज अर्धे टाकून आले होते, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मामा माझे शेजारी असल्यामुळे सगळी रांग माझ्याकडे बघत होती, जणू त्यांना असं मीच बनवलं. "एकसष्ट लिव्हा भाऊ," मी ओरडले. मामांनी वळून असं पाहिलं, जणू मी त्यांच्या अन्नात माती कालवली.

तर ढोली म्हणजे बारा. पाच ढोल्या म्हणजे साठ. आणि वरचा एक? एकाला त्या भाषेत शब्दच नाही, तिथे गप्प राहायचं. ही भाषा निंबोळ नावाच्या देशात बोलतात. निंबोळ देश मामांच्या वह्यांमध्ये आहे आणि तिथली नदी, राजा, झाडं, व्याकरण, सगळं मामांनी उभ्या उभ्या तयार केलेलं आहे.

उभ्या उभ्या म्हणते ते खरंच. हा माणूस बसत नाही. माझी शिलाई मशीन खिडकीशी आहे, खिडकी त्यांच्या अंगणाकडे आहे, मधे कमरेएवढी भिंत. कित्येक वर्षं मी बसून आहे आणि मामा चालताहेत. अंगणातून फाटक, फाटकातून स्टँड, स्टँडवरून परत. पेपर चालत वाचतात, चहा उभ्याने पितात, दाढी करताना न्हाव्याला त्यांच्या खांद्यावर हात दाबून धरावा लागतो. विचारलं तर ठरलेलं उत्तर: "बसलेल्या माणसाला आकडे सुचत न्हाईत." त्यांची बायको कौसामामी म्हणायची, "लग्नात सप्तपदी चालले ते अजून थांबलेच न्हाईत."

सवय नोकरीची. मामांनी तीस वर्षं विजेचे मीटर वाचले. गोरेगाव, साखरा, मधल्या वाड्या-वस्त्या. सायकल बांधाला टेकवायची आणि घरोघर पायी हिंडायचं. मीटर लावणारे तो नेमका घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात लावतात, म्हणून उजव्या हातात बॅटरी. किती घरं झाली ते मोजायला उरला डावा हात. मग अंगठा बोटांच्या पेरांवरून चालवायचा. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, झाली बारा. आपल्या आयाबाया तसंच मोजतात, त्यात नवल नाही. नवल हे, की एवढ्यावर मामांनी देश वसवला.

निंबोळात म्हणे माणसं जुन्या कडुनिंबांच्या ढोलीत राहतात. एका ढोलीत बारा. तिथे मीटर नाहीत, काजवे आहेत. नदीवर पंखवाली घोरपड राखण करते आणि तिला मोजता येत नाही म्हणून सगळे तिला घाबरतात. का घाबरतात हे मी विचारलं होतं. मामा म्हणाले, "जिला मोजता येत न्हाई तिला पुरे कवा म्हणायचं ते कसं कळंल?" हे मात्र मला पटलं.

"मामा, बारा म्हणजे डझनच की," मी एकदा मुद्दाम डिवचलं. "केळेवाल्याचं मोजमाप."

"डझन विकायला असतंय," ते म्हणाले. "ढोली राह्यला असती." आणि दोन दिवस माझ्या खिडकीसमोरून न जाता मागच्या बोळाने गेले. रागातसुद्धा चालणं बंद नाही.

एकाला शब्द का नाही, यावर त्यांचं व्याख्यान ठरलेलं होतं. "खळ्यावर धान्य मोजतेत तवा पह्यल्या मापाला कोणी एक म्हणतंय का? लाभ म्हणतेत. लाभ, दोन, तीन. आपल्या बापजाद्याला ठावं होतं. एक म्हणजे मोजणं सुरूच झालं न्हाई अजून. मोजायला दुसरं लागतंय." मग ते मला पुराव्यासाठी स्टँडवरच्या हॉटेलाची गोष्ट सांगत. तिथे जाऊन ते नुसते उभे राहतात, अंगठा करंगळीच्या तळाशी ठेवतात, तोंड उघडत नाहीत. मालक एक चहा आणून देतो. "बघ सुमन. एकाला बोलावं लागतंय का?"

"तो तुम्हाला रोज बघतो म्हणून देतो."

"आन दोन पाह्यजे असले की काहून बोलावं लागतंय मंग?"

याचा मला फार राग यायचा.

आमची गट्टी जमली ती माझ्या टेपमुळे. इंच बारा झाले की फूट, हे मामांना एके दिवशी अचानक दिसलं. टेप दोन्ही हातांत धरून ते माझ्या दारात येरझारा घालायला लागले. "आगं, तुझी पट्टी निंबोळी हाय!" त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी देशाची नागरिक झाले. मला आकडे शिकवले. दोन मिरू, तीन ताखो, चार झुंबा, पाच हेलू, असं करत बारा ढोली. भाचीच्या लग्नासाठी शर्ट शिवायला टाकला तर हट्ट धरला की माप निंबोळीतच लिही. छाती अडतीस, म्हणजे तीन ढोल्या अन् मिरू. मी वहीत लिहिलं तीन आणि शेजारी दोन. कामाच्या गर्दीत शर्ट पंधरा दिवसांनी कापायला घेतला, तेव्हा मला त्यात सरळ बत्तीस दिसले. बत्तीसचा शर्ट शिवला.

लग्नाच्या सकाळी मामा तो घालायला गेले. पहिलं बटण लागलं, दुसरं लागेना. मी भिंतीवरून बघत होते. मामांनी श्वास सोडला तसं पहिलं बटणही उडालं.

"शर्ट बराबर हाय," मामा शांतपणे म्हणाले. "वाचणारी चुकली."

कौसामामीने तो शर्ट शेतातल्या बुजगावण्याला घातला. "त्याला तरी कोणी वय इचारत न्हाई," म्हणाली.

कौसामामीला या सगळ्याची चीड होती, निदान तसं ती दाखवायची. "येड्याचं येडं हाय ते," म्हणायची. "निंबोळी कवा गोड असती का?" मामांनी तिला शिकवायचा किती वेळा प्रयत्न केला. भाजी निवडताना तिच्याभोवती फेऱ्या मारत मारत ते आकडे म्हणायचे, एकदा नाही, दोनदा नाही, रोज सकाळ-संध्याकाळ. ती मान वर करायची नाही. "मला न्हाई येत. मला घरात काम हाय."

तिची स्वतःची शास्त्रं वेगळी. भाकरी मोजायच्या नाहीत, बरकत जाते. कोंबडीची पिल्लं मोजायची नाहीत, घार नेते. लेकरं तर मुळीच मोजायची नाहीत. मी एकदा विचारलं, "मामी, मंग भाकरी पुरल्या का न्हाई ते कसं कळतंय तुमाला?" "कळतंय," एवढंच म्हणाली. भाकरी तव्यावरून दुरडीत टाकताना ती काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, नामस्मरण करते. आमच्या इकडे औंढ्याच्या नागनाथाचं नाव पुष्कळ बायका कामात घेतात, त्यातलंच असेल.

मामांना मात्र हे फार लागलं होतं. एकदा शेवग्याखाली उभे राहून, म्हणजे त्यातल्या त्यात स्थिर राहून, ते मला म्हणाले, "सुमन, तुला येतंय ते टेपापुरतं. भाषा कवा म्हणायची? दुसरं माणूस आपल्या आपण बोलंल तवा. तवर बडबड हाय ती नुसती." नेहमीप्रमाणे मी काहीतरी टोमणा मारणार होते, पण त्यांचा चेहरा बघून शिवणाकडे वळले.

या हिवाळ्यात एका सकाळी मामीच्या हातातला झाडू पडला आणि पाठोपाठ मामी पडली. लकवा. आम्ही तिला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला. तिथे केसपेपरच्या खिडकीत कोणीतरी मामांनाही वय विचारलं. नातेवाइकाचं नाव आणि वय. मला वाटलं, आता हे ढोल्या काढत बसणार, इथे वेळ नाही. मामा चटकन म्हणाले, "पासष्ट."

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. त्याऐवजी मला तिथल्या बाकड्यावर बसून रडू आलं.

मामी वाचली. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. डोळ्यांनी ओळखायची, रागवायचीसुद्धा. पण तोंडातून नुसतं "हां" आणि "आं". हिंगोलीला बोलायचे व्यायाम शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, "पाठ असलेलं कधीकधी आधी परत येतं. वार, मोजणं, आरती. रोज सकाळी एक ते दहा म्हणून घ्या. एक शब्द फुटला की पुढचे फुटतील. फार महिने जाऊ देऊ नका."

हे शेवटचं वाक्य मामांनी घरी आणलं आणि त्यांच्या पायांना जी भिंगरी लागली, ती बघवत नव्हती. आधीचं चालणं हौसेचं होतं. आता पाण्याचा तांब्या घेऊन निघायचे आणि तांब्या हातातच घेऊन स्टँडवरून परत यायचे. वह्या ट्रंकेत गेल्या. निंबोळीचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघेना. मशीनवर मलाही बसवेना. सुईत दोरा ओवायचा आणि उठून खिडकीत जायचं, एवढंच काम माझ्याकडून होत होतं.

रोज सकाळी तोच खेळ. मामीला अंगणात खुर्चीवर बसवायचं. मामा तिच्यासमोर येरझारा घालत म्हणायचे, "म्हण कौसे, एक."

मामी तोंड मिटून घ्यायची.

"आगं दोन-तीन राहू दे. आधी एक तर म्हण. ए-क."

मामीचे ओठ आणखी घट्ट मिटायचे. डावा अंगठा करंगळीपाशी जाऊन चाळा करत राहायचा. जन्मभर काम केलेला हात शिवशिवत असेल, असं मला वाटायचं. मग तिच्या डोळ्यात पाणी यायचं आणि मामा फाटकाबाहेर चालू लागायचे. महिना झाला, वरती आणखी दिवस गेले. लेक रेखा परभणीहून येऊन राहिली होती, तिलाही तिचा संसार, ती गेली. मामा एकदा भिंतीशी येऊन म्हणाले, "एक म्हणायला काय तकलीफ हाय तिला? येवढुसा तर शब्द हाय." मी म्हटलं, येईल. माझा स्वतःचाही विश्वास नव्हता.

रेखा गेल्यापासून सकाळच्या भाकरी मी त्यांच्याकडे जाऊन करत होते. त्या दिवशी थंडी होती म्हणून मामीची खुर्ची आम्ही स्वयंपाकघरातच आणली, गॅसच्या बाजूला, उबेला. मामा दारातून आत-बाहेर करत होते, "एक म्हण" चालूच होतं. मला त्या आवाजाचा वैताग आला होता. मी पहिली भाकरी भाजली आणि दुरडीत टाकली.

मामीने दुरडीकडे पाहिलं. अंगठा करंगळीच्या तळाशी ठेवला. ओठ मिटलेले.

मी दुसरी टाकली. अंगठा एक पेर वर सरकला.

"मिरू," मामी म्हणाली.

मला वाटलं मामाच म्हणाले. दाराकडे पाहिलं तर ते अंगणाच्या टोकाला पाठमोरे. माझे हात पिठाने भरलेले, तव्यावर तिसरी करपायला लागलेली. मी ती तशीच काळपट दुरडीत टाकली.

"ताखो."

आवाज घोगरा, एका बाजूने येणारा, पण शब्द अगदी स्वच्छ. आणि चाल ती, इतकी वर्षं दुरडीवर मी ऐकलेली, नामस्मरणाची. बाई नागनाथाचं नाव कधी घेतच नव्हती. भाकरी मोजायच्या नाहीत हे तिचं शास्त्र, आणि घरात भाकरी मोजल्याशिवाय भागत नाही. मग नवऱ्याने गावात कोणीच न मानणारे आकडे करून ठेवले होते, तेच तिने गुपचूप वापरले. त्या आकड्यांनी मोजलं तर ते मोजल्यात धरलं जात नसणार.

"मामा," मी हाक मारली.

मामा दारात आले. मी चौथी थापली, थापताना फाटली, जोडली, कशीबशी भाजून टाकली.

"झुंबा," मामी म्हणाली.

मामांनी चौकट धरली. पाचवी झाली, सहावी झाली. मला थांबायची भीती वाटत होती. थांबले तर तीही थांबेल असं वाटत होतं. नववीला परातीतलं पीठ संपलं. डबा उपडा केला, तोही रिकामा.

"मामा, पीठ," मी म्हटलं.

पासष्ट वर्षांच्या माणसाने फाटकाचा रस्ता घेतला नाही. कमरेएवढ्या भिंतीवरून उडी मारून माझ्या घरात गेले आणि ज्वारीच्या पिठाचा अख्खा डबा छातीशी धरून तशीच उडी मारून परत आले. अर्धं पीठ अंगावर. तोवर मामी अंगठा नवव्या पेरावर तसाच धरून बसली होती, हललीही नव्हती.

दहा, अकरा. बारावी भाकरी दुरडीत पडली.

"ढोली," मामी म्हणाली, आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला स्वतःची फार लाज वाटली. आम्ही महिनाभर तिला छळत होतो. बरोब्बर तोच एक आकडा मागत होतो, जो तिच्या पाठांतरात बोलायचा नसतो. आणि ती बिचारी रोज सकाळी तो बरोबर देत होती, अंगठा जागेवर ठेवून, ओठ मिटून. आम्हीच तिला पुढे जाऊ देत नव्हतो.

हे मामांना सांगायची गरज नव्हती. ते पांढरेधोट उभे होते, मिशीलासुद्धा पीठ. "कवा शिकलीस?" त्यांनी विचारलं. मामीला तेवढं सांगता येणार नव्हतं. तिने डाव्या हाताने दुरडीकडे बोट केलं.

मग मारोतीमामा बसले. मामीच्या खुर्चीपाशी, खाली फरशीवर, मांडी घालून. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ती सवय नसल्यामुळे गुडघे कडकड वाजले. दोघांच्या घरात बारा भाकरी झाल्या होत्या, त्यांचं काय करायचं हा विचार मी मुद्दाम मोठ्याने करायला लागले, पण माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

मामांनी डावा हात वर केला, अंगठा करंगळीच्या तळाशी ठेवला आणि बायकोकडे बघत गप्प राहिले.

"मिरू," मामी म्हणाली.